पुन्हा परीक्षेस बसण्यापूर्वी

सातारा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री दूरध्वनीवर तू म्हणालीस, "मामा, शहाण्णव म्हणजे नापासच, मी राजीनामा देते आणि वर्षभर कॅटच करते." त्या वाक्याने माझी झोप उडाली. व्यवस्थापन संस्थांच्या ज्या प्रवेशपरीक्षेस अडीच लाखांहून अधिक मुले बसतात, तीत शंभरांतील शहाण्णव तुझ्या मागे राहिली असता स्वतःस नापास म्हणण्याची ही रीत तू कोठून उचललीस? असे पुन्हा बोलू नकोस.

परीक्षेस मात्र अवश्य बस. ती वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात होते आणि तिचे गुण जीमॅटच्या गुणांप्रमाणे ५ वर्षे चालत नाहीत. तेव्हा पुढील प्रवेशासाठी नवा अर्ज करणे क्रमप्राप्तच आहे. पण राजीनामा कशासाठी? दहावी-बारावीचे गुणही त्या संस्था हिशेबात धरतात, ते आता पालटायचे नाहीत. वाढू शकेल असा एक नोकरीचा अनुभव, तोच तू आपल्या हाताने तोडायला निघालीस.

आणि तुझे अडले कोठे, ते तर पाहा. गणितात ९९, तर्कविभागात ९५ आणि वाचनात ६८! विभागवार किमान मर्यादेच्या त्या एका उंबरठ्यावर तू अडखळलीस. २४ प्रश्नांपैकी १६ उताऱ्यांवरचे, वेळ ४० मिनिटे, आणि उताऱ्याआधी प्रश्न वाचून मग उताऱ्यात उत्तर हुडकण्याची युक्ती तुला शिकवणीत मिळालेली! मुक्ते, जो मनुष्य उत्तर हुडकण्यासाठी वाचतो, त्यास लेखकाचे म्हणणे कधीच ऐकू येत नाही, आणि चुकीच्या पर्यायास एक गुण वजा होतो तो त्या न ऐकण्याचाच दंड होय.

तुझे पणजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. खरेदीखत समोर आले की चष्मा पुसून, अंगठ्याचे नख ओळीखाली धरून ते चतुःसीमेचा मजकूर दोनदा वाचीत. एकदा पूर्वेचा ओढा दस्तात पश्चिमेस गेला होता, तो त्यांना दुसऱ्या वाचनात सापडला आणि एका विधवेची जमीन वाचली. आमच्या घरात वाचन म्हणजे हे. माडीवरच्या कपाटातील पुस्तके तू बाराव्या वर्षी उन्हाळाभर वाचीत होतीस, जेवायला तीन हाका माराव्या लागत. ती मुलगी मला अद्याप दिसते. रोज पहाटे एक तास एक अवघड निबंध सावकाश वाच, मिटून ठेव, आणि लेखकाचे म्हणणे चार ओळींत लिहून मला पाठव. गणिताच्या सरावचाचण्या तूर्त महिनाभर बंद कर.

तुझी आई सांगते, तू रात्री दोनपर्यंत जागतेस आणि डबा तसाच परत आणतेस. हे ऐकल्यापासून मला परीक्षेपेक्षा तुझीच चिंता अधिक वाटू लागली आहे. तुला चक्कर आली होती, हे माझ्यापासून का लपवलेस?

अर्जाची मुदत बहुधा सप्टेंबरात संपते. त्याआधी एका रविवारी इकडे ये, आणि राजीनामा लिहिलाच असशील तर तो कचेरीत रुजू न करता सोबत घेऊन ये.

तुझा,
मामा