दोन तुकड्या, एकच सरासरी

आज माझी एक चूक सांगते.

गणिताची चाचणी ४० गुणांची होती. 'अ' तुकडीची सरासरी २२, 'ब'चीही २२. पालकसभेत मी सांगून मोकळी झाले, "दोन्ही तुकड्या सारख्याच आहेत, काळजी नको." पुराव्यासाठी पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबमध्ये दोन सबप्लॉट्स करून शेजारी-शेजारी दोन बॉक्स प्लॉटही दाखवले. दोन्ही पेट्या अगदी जुळ्या बहिणी! तेवढ्यात मागून एका आईने विचारलं, "बाई, सगळं ठीक आहे तर माझ्या मुलीला ९ कसे?"

उत्तर नव्हतं. घरी येऊन चित्र पुन्हा उघडलं आणि कडेचे आकडे पहिल्यांदा नीट वाचले. सबप्लॉट्सना तुम्ही काही सांगितलं नाही, तर प्रत्येक चौकट आपापल्या माहितीपुरता अक्ष आखून घेते. 'अ'चा अक्ष १५ ते २९ एवढाच, 'ब'चा ५ ते ३८. दोन्ही ताणून एकाच उंचीत बसवलेले, म्हणून पेट्या सारख्या दिसल्या. चित्र खोटं नव्हतं हो, मीच आकडे वाचले नव्हते.

मग मांडणी बदलली. दोन ओळी, दोन स्तंभ. वर आयतालेख (दहावीच्या पुस्तकातला तोच), खाली त्याच तुकडीचा बॉक्स प्लॉट, आडवा केलेला. 'शेअर-एक्स'ला 'ट्रू' दिलं, म्हणजे चारही चौकटींना गुणांचा एकच अक्ष. 'शेअर-वाय'लाही आधी 'ट्रू'च देऊन बसले आणि पेट्या चपट्या होऊन तळाला गेल्या! साहजिकच आहे, वर उभ्या अक्षावर मुलांची संख्या आहे, खाली तसं काहीच नाही. तिथे 'रो' द्यायचं, म्हणजे एका ओळीतल्या चौकटींपुरताच उभा अक्ष समान राहतो. आयतालेखाचे वर्गही मी स्वतः दिले, ० ते ४० पाच-पाचचे. नाहीतर तेही प्रत्येक चौकट आपल्या मनाने पाडते.

आता 'ब'ची पेटी १२ पासून ३२ पर्यंत पसरलेली दिसली, मध्यक २१. आणि वरच्या आयतालेखात १५ ते २५ मध्ये एकही मूल नाही! ३८ पैकी १९ जण १५ च्या आत, १९ जण २५ च्या पुढे. ज्या २२ वर मी निर्धास्त होते, तिथे कोणी बसलंच नव्हतं. नुसत्या पेटीत ही मधली पोकळी कधीच दिसत नाही, नुसत्या आयतालेखात मध्यक चटकन सापडत नाही. म्हणून वर-खाली दोन्ही हवेत.

त्या १९ जणांचे पेपर पुन्हा काढले. बहुतेकांचं अडलेलं एकाच ठिकाणी, छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेत. दुसऱ्या दिवसापासून परिपाठाआधी वीस मिनिटं त्यांना बोलावते आहे. त्या आईंनाही फोन केला.

एक अडचण मात्र आहे. पाच-पाचच्या वर्गात ५ ते १० मधला स्तंभ लहानसा येतो आणि तो कोणाकोणाचा, हे गावातल्या शाळेत सगळ्यांना लगेच कळतं. म्हणून पुढच्या सभेसाठी दहा-दहाचे वर्ग करून वेगळं चित्र काढलंय. पाच-पाचचं माझ्या वहीत चिकटवलंय.