उंची आणि चिमणी

हॉस्टेलवर उंचीच्या गप्पा निघाल्या की मी कॉलर ताठ करतो. आमच्या प्रभादेवीच्या गच्चीवरून लोअर परळचा ‘वर्ल्ड वन’ दिसतो. २८० मीटर! इगतपुरीचा रूममेट लगेच कळसूबाई पुढे करतो, १६४६ मीटर. दुबईचे ८२८ मीटरचे बुर्ज खलिफा एकावर एक दोन ठेवले, तरी शिखरापेक्षा जेमतेम दहा मीटर वर!

दिवाळीत आजोबांना गच्चीवर नेलं. १९८२ च्या संपापर्यंत ते गिरणीत होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला लहानपणी गिरणी म्हणजे पिठाचीच वाटायची!

“आजोबा, बघा किती उंच!”

“ती जागा श्रीनिवास मिलची,” ते म्हणाले. “आमच्या वेळी इथे चिमण्याच उंच. धूर दिसला की घरची चूल पेटणार हे नक्की. संपात धूर थांबला, तो थांबलाच.”

मी गप्प झालो. सिव्हिलला आम्ही फाउंडेशन शिकतो, पण ती जमीन आधी कुणाची भाकरी होती, हे सिलॅबसमध्ये नाही. आता हॉस्टेलवर २८० चा आकडा सांगताना मी श्रीनिवास मिलचंही नाव घेतो.