निरंकाराच्या राईतली रोपं

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरला की गोव्याचा सत्तरी तालुका लागतो. तिथे बांबर गावी निरंकाराची राई आहे. देवराया आपल्या भागात पुष्कळ, पण ही दलदलीतली. ओल्या चिखलात रानजायफळाची उंच झाडं उभी आहेत आणि त्यांची मुळं हवेसाठी चिखलाबाहेर आलेली दिसतात.

झाडाखालची कोवळी रोपं पाहून मी सोबतच्या मामांना विचारलं, "ही सगळी वाढली तर पाय ठेवायला जागा उरेल का हो?"

मामा हसले. "रुजतात पुष्कळ, मोठं एखादंच होतं. पाखरानं लांब नेलेलं जगतं बघा."

मामांचं बोलणं शास्त्राला धरूनच होतं. डॅनियल जान्झेन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली हेच मांडलं. मोठ्या झाडाच्या आसपास त्याच जातीवर पोसणारे किडे आणि बुरशी असतात, म्हणून आईच्या सावलीत पोरांची धडगत नसते. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर जायफळाच्याच कुळातल्या विरोला वृक्षाचा अभ्यास झाला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. झाडाखाली पडलेल्या बीपेक्षा ४५ मीटर दूर गेलेल्या बीला १२ आठवड्यांपर्यंत तगण्याची संधी चाळीसपटीहून जास्त होती. तिथे बी वाहून नेणाऱ्यांत टूकन पक्षी असतो, आपल्याकडे धनेश.

दूर गेलं म्हणजे सुटलं असंही नाही. रानजायफळाचं बी सुकलं की मेलं, त्याला ओल हवीच. मोठ्या बीतली शिदोरी पहिले काही महिने पुरते. पुढे उन्हाळा सोसायचा, वरून पडणाऱ्या फांद्या चुकवायच्या आणि एखादं म्हातारं झाड कोसळून ऊन खाली येईपर्यंत वाट पाहायची.

कर्नाटकात आणि केरळात अशा कितीतरी दलदली भातशेतीखाली आणि सुपारीच्या बागांखाली गेल्या. बांबरची राई देवाच्या धाकानं राहिली. पण नुसती मोठी झाडं राखून भागत नाही. झऱ्याचं पाणी वळवलं किंवा धनेश दिसेनासा झाला, तर आजची राई हिरवी दिसेल आणि तिच्या जागी उद्या उभं राहायला कुणी नसेल.

वाचकहो, तिकडे गेलात तर पायवाट सोडू नका. बी उचलून खिशात घालू नका. तुमच्या पायाखाली बोटभर दिसतं, ते कदाचित शंभरांतलं वाचलेलं एक असेल.