आधी शुश्रूषा, मग रेषा

पोर्ट्रेट शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना मॉडेलपासून जरा लांब बसवतो. डोळे किलकिले करून पाहा, छाया-प्रकाशाचे मोठे भाग आधी पकडा, नाक-डोळे मागाहून. ही शिस्त योग्यच आहे. मी तिच्यातच घडलो आणि आजही तेच सांगतो. पण माणूस रंगवायला शिकण्याची आणखी एक वाट आहे, आणि व्हिन्सेंट व्हॅन गॉग त्या वाटेने आला. त्याच्याबद्दल बोलताना आपण सूर्यफुलं आणि कापलेला कान यांपाशीच रेंगाळतो. बेल्जियमच्या कोळसापट्ट्यातली त्याची दोन वर्षं दोन ओळींत उरकतो. माझ्या मते त्याच्या व्यक्तिचित्रांचं मूळ तिथेच आहे.

डिसेंबर १८७८मध्ये पंचवीस वर्षांचा हा डच तरुण बोरिनाजच्या खाणकामगारांत धर्मोपदेशक म्हणून गेला. पुढच्या महिन्यात वाम या गावी सहा महिन्यांच्या बोलीवर नेमणूक झाली. त्याला प्रवचन जमेना. आजाऱ्याच्या उशाशी बसणं मात्र जमत होतं. त्याने अंगावरचे धड कपडे वाटून टाकले, बेकरच्या घरातली बरी खोली सोडली आणि एका झोपडीत गवतावर झोपू लागला. मार्कासच्या खाणीत तो सातशे मीटर खाली उतरला. लाकडी टेकूंच्या बुटक्या बोगद्यांत, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात कोळसा फोडणारी माणसं त्याने पाहिली आणि खालून वर बघताना दिवसाचा उजेड चांदणीएवढा दिसतो, असं भाऊ थिओला कळवलं. त्याच सुमारास, १७ एप्रिल १८७९ला, जवळच्या फ्रामरीत आग्राप खाणीत वायूचा स्फोट होऊन १२१ माणसं गेली. बोरिनाजमध्ये भाजलेल्या एका खाणकामगाराची आपण दीड-दोन महिने शुश्रूषा केली, असं त्याने पुढे एका पत्रात लिहिलं आहे.

जुलैत नेमणूक संपली. आजारी आणि जखमी माणसांची त्याने मनापासून सेवा केली हे वरिष्ठांनी मान्य केलं, पण वक्तृत्व नाही म्हणून मुदत वाढवली नाही. मग क्वेम गावी एका खाणकामगाराच्या घरात, पोरांबरोबर वाटून घेतलेल्या खोलीत, १८८०मध्ये त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं. मिलेच्या चित्रांच्या छापील प्रतींवरून आणि बार्गच्या चित्रकलेच्या धड्यांवरून तो हात बसवू लागला. बर्फातून पहाटे खाणीकडे निघालेल्या कामगारांचं त्या काळातलं रेखाचित्र पाहा. शरीररचना कच्ची आहे, पाय कुठेकुठे हरवले आहेत. पण चालण्यातला थकवा अचूक आहे, आणि तो बार्गच्या धड्यांतून येत नाही.

भाजलेल्या माणसापाशी बसणारा त्याच्या चेहऱ्यात देखणेपण शोधत नाही. कालच्यापेक्षा आज कसा आहे, झोप लागली का, ओठ सुकलेत का, एवढंच बघतो. आणि उद्या पुन्हा बघतो. व्हॅन गॉगने ही नजर कधी सोडली नाही, असं मला ठामपणे वाटतं. म्हणूनच तो एकच माणूस पुन्हा पुन्हा रंगवतो. हेगमध्ये वृद्धाश्रमातले म्हातारे त्याने असेच बसवले. न्युनेनमध्ये १८८४-८५च्या हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या डोक्यांचे अभ्यास डझनांनी केले आणि त्यानंतर ‘बटाटे खाणारे’ हातात घेतलं. त्या चित्रातली डोकी आधी नेहमीच्या त्वचेच्या रंगात पुरी झाली होती. ती त्याने निर्दयपणे पुन्हा रंगवली: न सोललेल्या, धुळीने माखलेल्या बटाट्याच्या रंगात. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात जातात, हे त्याला दाखवायचं होतं. मित्र फान रापार्डने या चित्राच्या लिथोग्राफमधल्या ढोबळ शरीररचनेवर कडक टीका केली. टीका तांत्रिकदृष्ट्या खोटी नाही. तरी मला त्या बोटांची ओबडधोबड पेरं दुरुस्त केलेली पाहवणार नाहीत. आम्ही ग्राहकाच्या हातांवरच्या शिरा सौम्य करतो, नखं साफ करतो. त्याचे पैसेही मिळतात.

आर्लला तो गेला तेव्हा रंग उजळले, माणसं तीच राहिली. टपाल खात्यातला जोसेफ रूलँ पोझ देण्याचे पैसे घेत नसे, बरोबर बसून खायचा-प्यायचा. १८८८चं, आता बोस्टनच्या संग्रहालयात असलेलं त्याचं पोर्ट्रेट निवांत बघण्यासारखं आहे. निळा गणवेश, सोनेरी बटणं, दुभंगलेली दाढी. आणि हात अवघडलेले, कारण या माणसाला असं कुणासमोर नुसतं बसायची सवय नाही. चित्रकाराने ते अवघडलेपण झाकलं नाही. जवळपास त्याच दिवसांत त्याने बेल्जियन चित्रकार यूजीन बॉकचंही पोर्ट्रेट केलं, आणि तुला चित्रं काढायची तर बोरिनाजला जा, असा आग्रह धरला. बॉक खरोखरच गेला.

डिसेंबरात व्हिन्सेंट स्वतः रुग्णालयात पडला, तेव्हा त्याच्याकडे लक्ष ठेवणारा आणि थिओला पत्रांतून खबर देणारा हाच रूलँ होता. पुढे त्याची बदली मार्सेयला झाली. व्हिन्सेंटने १८८९मध्ये त्याची आणखी पोर्ट्रेट्स केली, मागे फुलांची नक्षी असलेली. त्यांत हात नाहीत, बटणांचा थाट मागे पडलाय. दाढीच्या वळणावळणांत ब्रश फिरलाय आणि सगळा जीव डोळ्यांवर आहे. माझ्या विद्यार्थ्यांपुढे मी बोस्टनचं पोर्ट्रेट आणि यांतलं एक शेजारी-शेजारी ठेवतो.