पाहुण्याच्या हातचा लेख

अतिथि हा शब्द आपल्या पूर्वजांनीं मोठ्या विचारानें घडविलेला दिसतो. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. त्यानें केव्हांही दारांत उभें राहावें, यजमानानें त्याला पाटावर बसवून पोटभर जेवूं घालावें आणि त्याबद्दल थोडें पुण्य पदरीं पाडून घ्यावें, असा हा जुना व्यवहार. त्यांत देणारा कोण आणि घेणारा कोण याविषयीं कोणालाही संशय नसे. अलीकडे व्यापाराच्या जगांत मात्र अतिथीची एक निराळीच जात जन्मास आली आहे. हा अतिथि जेवावयास येत नाहीं. तो आपल्या घरून ताट वाढून आणतो, तें यजमानाच्या पंक्तींत मांडतो, आणि निघतांना ‘आमचें दुकान अमुक ठिकाणीं आहे, सवडीनें यावें’ एवढें हळूच सांगून जातो. या ताटाला ‘पाहुणा लेख’ म्हणतात. ज्यांनीं इंटरनेटवर दुकानें मांडलीं आहेत, ते दुसऱ्याच्या संकेतस्थळासाठीं फुकट लेख लिहितात, आणि त्या लेखांतून आपल्या दुकानाकडे जाणारा एक दुवा तेवढा मोबदला म्हणून मागून घेतात.

हा विषय आमच्यासारख्या कागदावर वाढलेल्या माणसाच्या वांट्यास आला तो आमच्या पुतणीमुळें. आम्हीं राहतों त्या रामदासपेठेंत एके काळीं बंगले, बागा आणि दुपारची शांतता होती. आतां त्या जागीं उंच इमारती आहेत आणि डॉक्टरांच्या पाट्या मोजूं लागल्यास फेरफटका संपतो पण पाट्या संपत नाहींत. अशा वस्तींत रस्त्यावर दुकान घेणें सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरचें आहे. पुतणीनें नोकरी सोडली आणि घरांतल्याच एका खोलींत वर्धा जिल्ह्यांतील वायगांवची हळद व आपल्या जिल्ह्यांतील भिवापूरची मिरची यांचा व्यापार मांडला. दोन्ही जिन्नसांना भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, माल चोख, शेतकऱ्यांना तिनें आगाऊ रक्कमही दिली. संकेतस्थळ सुरेख सजलें. फक्त तेथें कोणी फिरकेना.

रस्त्यावरच्या दुकानाला एक भाग्य लाभलेलें असतें, त्याची किंमत दुकानदाराच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर सायंकाळीं जो लोंढा वाहतो, त्यांतील शंभरांपैकीं नव्याण्णव माणसांना आपल्या दुकानांत कांहींही घ्यावयाचें नसतें. पण तीं समोरून जातात, पाटी वाचतात, आणि सहा महिन्यांनीं गरज पडली म्हणजे त्यांना ती पाटी आठवते. इंटरनेटवरच्या दुकानाला समोरून जाणारा रस्ताच नसतो. तें रानांत बांधलेल्या घरासारखें असतें. रस्ता दुसऱ्याच्या अंगणांतून काढावा लागतो, आणि तो काढूं देणें न देणें हें अंगणाच्या धन्याच्या मर्जीवर असतें.

या रस्त्यांना एवढें मोल कां आलें याचेंही कारण समजून घेण्यासारखें आहे. १९९८ सालीं लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन अमेरिकन विद्यार्थ्यांनीं गूगल काढलें, तेव्हां त्यांनीं एक साधें तत्त्व वापरलें. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दुवा दिलेला असेल, तर ती पहिल्यानें दुसऱ्याची केलेली शिफारस समजावी. आणि शिफारस करणाऱ्याची स्वतःची प्रतिष्ठा जेवढी मोठी, तेवढें तिचें वजन अधिक धरावें. आपल्याकडे स्थळ पाहतांना चौकशी करतात ती याच पद्धतीची. कोण सांगतो आहे, यावर सांगितलेल्याचें वजन ठरतें. परंतु शिफारशी मोजल्या जातात हें कळलें कीं शिफारशींचा कारखाना निघतो, हा मनुष्यस्वभाव आहे. कोणी न वाचण्यासाठींच लिहिलेल्या लेखांचे ढीग पडूं लागले. २००५ सालीं ‘हा दुवा मोजूं नये’ अशी खूण दुव्याला लावण्याची सोय झाली. २०१२ सालीं गूगलनें बनावट दुव्यांच्या जोरावर वर चढलेल्या संकेतस्थळांना खालीं ढकलण्याचा मोठा उपक्रम केला. आणि जानेवारी २०१४ मध्यें त्याच संस्थेंतील मॅट कट्स या जबाबदार अधिकाऱ्यानें, केवळ दुव्यासाठीं पाहुणे लेख लिहिण्याचा धंदा आतां संपला असें जाहीरपणें लिहिलें. २०१९ सालीं पैसे देऊन मिळविलेल्या दुव्यासाठीं वेगळी खूण आली. २०२४ सालीं तर प्रतिष्ठित संकेतस्थळांनीं आपला एखादा कोपरा परक्या मजकुराला भाड्यानें देऊं नये, असाही नियम झाला.

हा सर्व इतिहास ठाऊक असूनही धंदा संपला नाहीं. पुतणीला एके दिवशीं एका मध्यस्थाचें पत्र आलें. दहा लेख आणि दहा दुवे, सर्व मिळून एक ठोक रक्कम. लेख लिहिण्याचे श्रमही तिला नकोत, ते त्यांचेकडील यंत्र करील. रक्कम तिच्या तीन महिन्यांच्या विक्रीएवढी होती. ती पत्र घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, “काका, पुढच्या हंगामाला शेतकऱ्यांना द्यायला एवढेच पैसे आहेत माझ्याजवळ. हे यात घातले आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर दुकान बंद. घातले नाहीत आणि गिऱ्हाईक आलं नाही, तरी दुकान बंदच. तुम्ही आयुष्यभर मासिकांत लिहिलंत, सांगा मी काय करू?”

आम्हीं तिला किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडल स्टेशनाजवळच्या उजाड माळावर कारखाना वसविला. लोखंडी नांगर करणें त्यांना साधलें. पण लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि समजुतीपुढें लोखंडाचें कांहीं चालत नाहीं. पुढें १९२० सालीं त्याच घराण्यांतील शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ नांवाचें लहानसें पत्र काढलें. कारखान्याची व मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोंचावी, हा त्याचा सरळ हेतु. परंतु शंकरराव कुंचल्याचे आणि लेखणीचे मनुष्य. नुसत्या नांगराच्या वर्णनानें कोणी पत्र वाचणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें, आणि बाहेरच्या लेखकांना पानें मोकळीं करून दिलीं. कालांतरानें नांवांतला ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ एवढेंच राहिलें. १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें जन्मास आलीं. रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच ‘किर्लोस्कर’मधून महाराष्ट्रांतील घरोघरीं पोंचले. जगांत अन्यत्रही असे दाखले आहेत. अमेरिकेंतील डीअर या नांगराच्या कंपनीनें १८९५ सालींच शेतकऱ्यांसाठीं ‘द फरो’ नांवाचें नियतकालिक काढलें होतें, आणि फ्रान्समधील मिशेलिन या टायरवाल्यांनीं १९०० सालीं मोटारवाल्यांसाठीं मार्गदर्शक पुस्तक फुकट वांटलें.

येथें एक फरक आहे, तो पुतणीनेंच चटकन दाखविला. किर्लोस्करांच्या घरीं व्यापारी हा यजमान आणि लेखक हे पाहुणे. तिच्या बाबतींत व्यापारी स्वतः पाहुणा होऊन परक्या घरीं जाणार. फरक खरा आहे. पण दोहोंत जें समान असावयास पाहिजे तें आम्हांला त्याहून महत्त्वाचें वाटतें. किर्लोस्करांचें नांव मुखपृष्ठावर ठसठशीत छापलेलें असे. हातांतलें मासिक नांगरवाल्यांचें आहे हें वाचकाला पहिल्या ओळीपूर्वींच कळे, आणि तें कळूनही तो वाचीत असे, कारण आंतील मजकूर पैसे देऊन घेण्यासारखा होता. मध्यस्थाच्या दहा लेखांत या दोन्ही गोष्टी उलट होत्या. लेख कोणाच्या हितासाठीं लिहिला हें लपविलेलें, आणि दुवा काढून घेतला तर वाचण्याजोगें कांहींच शिल्लक उरणार नाहीं असा मजकूर.

तेव्हां तिनें पैसे राखून ठेविले आणि एकच लेख स्वतः लिहावयास घेतला. परदेशांतील मराठी कुटुंबांसाठीं एक बाई पाकशास्त्राचें संकेतस्थळ चालवितात, त्यांच्याकडे तो पाठवावयाचा होता. विषय हळदींतील भेसळ. बांगलादेशांत हळकुंडांना पिवळा तजेला यावा म्हणून शिशाचा विषारी रंग लावीत. २०१९ सालीं तेथील बाजारांतल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसें सांपडलें, आणि संशोधक, सरकार व वर्तमानपत्रें यांनीं मिळून मोहीम केल्यावर २०२१ पर्यंत तें प्रमाण शून्यावर आलें, ही हकीकत तिनें मोठ्या परिश्रमानें मांडली. पुढें घरगुती कसोटी दिली. पेलाभर पाण्यांत चमचाभर हळद टाकावी. चांगली हळद तळाशीं बसते आणि पाणी फिकट पिवळें राहतें. कृत्रिम रंग असेल तर पाणी गडद पिवळें होतें. शिसें मात्र या कसोटीनें सांपडेलच असें नाहीं, त्याला प्रयोगशाळाच हवी, हेंही तिनें स्पष्ट लिहिलें.

शेवटच्या परिच्छेदाविषयीं आमचा थोडा वाद झाला. आपली हळद शुद्ध आहे असें तिनें लिहिलें होतें. आम्हीं म्हटलें, हें वाक्य प्रत्येक हळदवाला लिहितो, म्हणून तें कोणी वाचीत नाहीं. तिनें बराच विचार केला आणि त्या जागीं लिहिलें कीं, मी हळद विकतें, माझें दुकान येथें आहे, आणि वरील कसोटी माझ्या हळदीलाही लावून पाहावी. आमच्या मतें सर्व लेखांत धाडसाचें वाक्य तेंच होतें. लेखक जेव्हां स्वतःविरुद्ध वापरतां येईल असें हत्यार वाचकाच्या हातीं देतो, तेव्हांच त्यानें वाचकाला कांहीं दिलें असें म्हणतां येईल.

तें हत्यार लौकरच चाललें. लेख प्रसिद्ध झाल्यावर पहिल्या आठवड्यांत दुकानावर थोडीशींच माणसें आलीं, त्यांतील तिघांनीं माल घेतला, आणि त्या तिघांपैकीं एका बाईंनीं कळविलें कीं, तुमच्या हळदीनें पाणी आमच्या अपेक्षेपेक्षां अधिक पिवळें झालें, तेव्हां तुमचीही हळद तसलीच दिसते. ‘फिकट’ म्हणजे किती फिकट, हें डोळ्यांवर अवलंबून असतें, असें उत्तर देऊन मोकळें होतां आलें असतें. पुतणीनें त्याच गोणींतील नमुना प्रयोगशाळेंत दिला, अहवाल येईपर्यंत त्या गोणींतील विक्री थांबविली, आणि आलेला अहवाल, त्यांत कांहीं वावगें नव्हतें, त्या बाईंना जसाचा तसा पाठविला. महिनाभर उत्तर नाहीं. मग एक दिवस अर्ध्या किलोची मागणी आली. सोबत शब्दही नव्हता. पाठोपाठ त्याच गांवाहून आणखी चार मागण्या आल्या, तेव्हां अहवाल कोणाकोणाला दाखविला गेला असेल याचा अंदाज आला.

यजमानाचीही बाजू येथें सांगितली पाहिजे, कारण या मासिकाच्या वाचकांत पुष्कळजण कोठल्या ना कोठल्या नियतकालिकाचे, मंडळाचे किंवा स्मरणिकेचे संपादक असतील. पाहुण्याचें ताट पंक्तींत मांडूं देतांना तें आपल्या पाहुणचाराच्या नांवावर खाल्लें जाणार आहे, हें यजमानानें विसरूं नये. वाचक लेखकाला ओळखत नाहीं, तो यजमानाला ओळखतो. पुतणीच्या लेखाखालीं त्या संपादक बाईंनीं आपण होऊन ‘लेखिका हळदीच्या व्यापारांत आहेत’ अशी ओळ घातली, ती आम्हांला फार योग्य वाटली. आपल्या देशांतही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें फसव्या जाहिरातींना दंड ठेविला आहे, आणि जाहिरात-व्यवसायाच्या मानक परिषदेनें २०२१ सालीं समाजमाध्यमांवरील पैसे घेतलेल्या शिफारशी तशा म्हणून उघड सांगाव्या असा दंडक घातला. पण कायद्याच्या आधींच सभ्यता पोंचावी, हें बरें.

वाचकानेंही थोडें चौकस असावें. एखादा लेख वाचून झाल्यावर त्यांतील दुकानाचें नांव मनांतल्या मनांत पुसून पाहावें. उरलेल्या मजकुरानें आपल्याला कांहीं नवें सांगितलें असेल, तर पाहुणा भला होता असें समजून त्याच्या दुकानांत खुशाल जावें. कांहींच उरलें नाहीं, तर आपण लेख वाचला नसून जाहिरात वाचली, एवढें ओळखावें. नोव्हेंबर २०२२ नंतर लेख लिहिणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आल्यापासून तर या कसोटीची गरज वाढली आहे, कारण नुसते शब्द आतां मातीच्या मोलानें मिळतात. महाग आहे तें हळकुंड उकडतांना किती वेळ चुलीपाशीं उभें राहावें लागतें याचें ज्ञान, आणि तें ज्ञान उघड्यावर मांडतांना लागणारी छाती.

पुतणीचें दुकान अजून मोठें झालेलें नाहीं. शेतकऱ्यांना या हंगामाची आगाऊ रक्कम मात्र वेळेवर गेली, आणि मध्यस्थाचीं पत्रें येण्याचें थांबलेलें नाहीं. भिवापूरच्या मिरचीवर दुसरा लेख लिहिण्यापूर्वीं तिला तिकडील शेतांत चार दिवस राहून यावयाचें आहे. लेखाला उशीर होईल, असें तिनें संपादक बाईंना कळविलें आहे, आणि त्यांनींही घाई नाहीं असें उत्तर दिलें आहे.