जळगांव ते धुळें : घड्याळाच्या शोधांत

जळगांवाहून धुळ्यास जाणें तर सडकेनें जावें. बांभोरीजवळ गिरणा ओलांडली आणि एरंडोल, पारोळें मागें पडलीं कीं पांझरेकांठचें धुळें येतें. तेवढ्या वाटेंत माध्यान्ह सुमारें तीन मिनिटांनीं उशिरा सरकतो, हें फार थोड्या प्रवाशांच्या लक्षांत येतें. आपली प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशाची. तिच्या मानानें जळगांवचा माध्यान्ह सरासरीनें २८ मिनिटें मागें, धुळ्याचा ३१. पंचांगांतील सूर्योदय गांवच्या सूर्योदयाशीं जुळवूं लागलों, तेव्हां विश्वासू घड्याळ हवें झालें. एकाची साक्ष दुसऱ्यानें पटवावी, म्हणून दुसरें आलें. आज एकवीस आहेत.

हा प्रांतच कालगणनेचा आहे. चाळीसगांवाजवळील पाटण येथें शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. त्याच आचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या यंत्राध्यायांत घटीयंत्र वर्णिलें आहे : तळास छिद्र असलेलें तांब्याचें पात्र पाण्यावर सोडावें, तें भरून बुडालें कीं काल मोजावा. घटिका म्हणजे २४ मिनिटें. लीलावतीच्या लग्नघटिकेंत मोतीं अडकल्याची गोष्ट मात्र फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरांतील. ती आख्यायिकाच समजावी.

घटीपात्र बुडालें कीं कोणी तरी तें उचलून पुन्हां पाण्यावर ठेवावें लागे. किल्लीच्या घड्याळाचेंही तसेंच आहे. माझ्या संग्रहांत बॅटरीचें एकही नाहीं, त्याचें कारण हेंच. सेलवरचें घड्याळ आपण विसरलों तरी चालतें. हें आपली आठवण मागतें.

बहुतेक घड्याळें एच. एम. टी. चीं. सिटिझन या जपानी कंपनीच्या साह्यानें बंगळुरास १९६१ सालीं हा कारखाना निघाला. १७ रत्नांचें ‘जनता’ आमच्या पिढीच्या किती मास्तरांच्या मनगटावर होतें! २०१६ सालीं घड्याळांची ही कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारनें घेतला, तेव्हांपासून जुन्यांचा बाजार तेजींत आहे, आणि लबाडीही. तबकडी नव्यानें रंगवून घड्याळ कोरें म्हणून विकतात. भिंगांतून अक्षरांच्या कडा पाहाव्या. रंग फुटलेला दिसला कीं परत करावें. मग कानाशीं धरावें : टिकटिक समान असली, तर पिवळ्या पडलेल्या तबकडीकडे दुर्लक्ष करावें. मी तर पिवळीच पसंत करतों.

गेल्या माघांत धुळ्यास आग्रा रोडवर एका वृद्ध घड्याळजींनीं दोन ‘जनता’ पुढें ठेविलीं. एक चकचकीत. दुसऱ्याच्या कांचेवर ओरखडे, पण पाठीवर कोरलेलें : जावयास सप्रेम भेट, १९७४. मीं दुसरें घेतलें. घरीं पुतण्या म्हणाला, “काका, परक्याच्या जावयाचें घड्याळ आपल्याकडे कशास?” सौभाग्यवतींनीं तें हातांत घेऊन अक्षरें वाचलीं आणि देवघराच्या कोनाड्यांत ठेविलें. दिवसाकांठीं चार मिनिटें पुढें जात होतें. आतां दीडावर आलें आहे.

थोरल्या चिरंजीवांनीं संग्रह विकण्याचें दोनदां सुचविलें. धाकट्याची कन्या मात्र रोज सकाळीं दुधाआधीं सर्वांस किल्ली देते, मोजून आणि हलक्या हातानें. जूनपासून ती शिक्षणास पुण्यास जावयाची आहे. त्यानंतर किल्ली कोण देणार, हें घरांत अजून कोणी बोललेलें नाहीं.