भाव विचारताना

मराठीत ‘मूल्य’ या एकाच शब्दाने वस्तूची किंमत सांगितली जाते आणि माणूस ज्याला प्रमाण मानून वागतो ते तत्त्वही सांगितले जाते. त्याच मूल्यापासून झालेला ‘मोल’ एकीकडे मोलमजुरीत राबतो आणि दुसरीकडे मोलाचा सल्ला देतो. आणि ‘भाव’ तर असा की तो बाजारात चढतो-उतरतो आणि देवापुढे मात्र शुद्ध असावा लागतो. बोलणाऱ्याला या दुहेरीपणाची अडचण होत नाही, कारण पुढचे-मागचे बोलणे अर्थ ठरवून देते. अडचण होते ती ग्राहकमूल्यांवर प्रबंध लिहायला बसलेल्या संशोधकाची, कारण त्याच्या प्रश्नावलीत पुढचे-मागचे बोलणे नसते. एक विधान असते आणि त्याच्यासमोर पाच रिकामे चौकोन असतात. वसई-विरार पट्ट्यातील महाविद्यालयांत वाणिज्य, व्यवस्थापन किंवा शिक्षणशास्त्र शिकवता शिकवता संशोधन करणाऱ्या आणि करवून घेणाऱ्या अध्यापकांचे पुष्कळसे कष्ट या चौकोनांपाशी खर्च होतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते पुष्कळदा चुकीच्या टप्प्यावर खर्च होतात.

ग्राहकमूल्ये म्हणजे माणूस एखादी वस्तू का घेतो, याच्या मुळाशी असलेल्या धारणा. मिल्टन रोकीच यांनी १९७३मध्ये माणसाच्या एकूण मूल्यांची वाटणी केली ती साध्यमूल्ये, म्हणजे आयुष्यात गाठायच्या अवस्था, आणि साधनमूल्ये, म्हणजे तेथवर पोचण्याच्या वागण्याच्या रीती, अशी; दोन्हींच्या अठरा-अठरा नोंदींची यादी त्यांनी दिली. पुढे १९९१मध्ये जगदीश शेठ, ब्रूस न्यूमन आणि बार्बरा ग्रॉस यांनी खरेदीपुरती पाच मूल्ये मांडली : उपयोगाचे, समाजातील स्थानाचे, भावनेचे, कुतूहलाचे आणि प्रसंगाचे. ही पाचांची मांडणी वसईत चांगली लागू पडते. मोगऱ्याच्या गजऱ्याला उपयोगमूल्य जवळजवळ नाही, तरी तो विकत घेतला जातो. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी मुंबईला राहायला गेलेले वसईकर कुटुंब आवर्जून मागवते, तेव्हा त्या पुड्यात भावना आणि प्रसंग किती आणि पोषण किती, हे घेणाऱ्यालाही नेमके सांगता येणार नाही. सिद्धान्त येथपर्यंत साथ देतो. तो मराठीत विचारायची वेळ आली की पाय अडखळतो.

परदेशी प्रश्नावलीतील एक नेहमीचे विधान मराठीत ‘हे उत्पादन मला माझ्या पैशाचे योग्य मूल्य देते’ असे उतरते. व्याकरणात त्याला दोष नाही, पण पापडीच्या बाजारात किंवा विरारच्या दुकानात असे वाक्य कोणाच्याही तोंडून आजवर निघालेले नसेल. तेथे माणूस ‘पैसे वसूल झाले’ म्हणतो, किंवा ‘परवडतं’ म्हणतो. ‘परवडणे’ या क्रियापदात किंमत आहे, गरज आहे, ऐपत आहे, जाण्या-येण्याचा वेळ आहे आणि चारचौघांत कसे दिसेल हा विचारही आहे. पाच मूल्यांची जी वाटणी सिद्धान्ताने एवढ्या कष्टाने केली, ती या एका शब्दात पुन्हा एकत्र नांदते. अनुवाद बिनचूक आहे की नाही हे पाहण्यासाठी रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०मध्ये रूढ केलेली उलट-अनुवादाची रीत वापरतात : एकाने मराठी करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहायचे. रीत उत्तम आहे, पण तिच्यात एक पळवाट आहे. उलट-अनुवाद करणारा स्वतः इंग्रजी जाणणारा असल्यामुळे त्या अवघडलेल्या मराठीमागचे इंग्रजी तो सहज ओळखतो आणि जसेच्या तसे परत करतो. त्यामुळे वाक्य परीक्षेत उत्तीर्ण होते आणि ज्याच्यासाठी ते लिहिले त्याला मात्र कळत नाही. शिवाय ‘त्याच्यासाठी’ म्हणजे नेमके कोणासाठी, हा प्रश्न या तालुक्यात फार लवकर उभा राहतो. पश्चिमेच्या गावांत सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोली घरात बोलल्या जातात, पूर्वेला डोंगराकडे वारली बोली आहे, आणि नालासोपाऱ्याच्या एकाच चाळीत कोकणातले, गुजरातेतले आणि उत्तरेकडचे बिऱ्हाड शेजारी-शेजारी असते. प्रमाण मराठीतील छापील कागद या सगळ्यांपुढे धरला की प्रत्येकजण त्यावर खूण करतो. खूण केली म्हणजे प्रश्न कळला, असे मात्र होत नाही.

पाच चौकोनांतला मधला चौकोन ‘तटस्थ’ या नावाने छापलेला असतो. ज्याचे मत कोठेच झुकत नाही त्याच्यासाठी तो ठेवलेला असतो, पण आपल्याकडे तो बहुधा सभ्यतेचा चौकोन असतो. विचारणारा मुलगा शेजाऱ्याचा, त्याला नाही कसे म्हणायचे. दुकानदार ओळखीचा, त्याच्या मालाला वाईट कसे म्हणायचे. प्रश्न कळला नाही, हे तरी कसे सांगायचे. या तिन्ही अडचणींवर उतारा म्हणून मधली खूण होते आणि नंतर संगणकात ती ‘३’ या आकड्याने बसते. या ‘३’मध्ये संकोच किती आणि मत किती, हे कोणतेही सॉफ्टवेअर वेगळे करून देत नाही. प्रश्नावलीतील विधाने एकमेकांशी किती जुळतात हे मोजण्यासाठी ली क्रॉनबॅक यांचा १९५१चा अल्फा हा गुणांक वापरतात, आणि तो ०.७०च्या वर गेला की मार्गदर्शक आणि विद्यार्थी दोघेही सुटकेचा श्वास टाकतात. परंतु कंटाळलेल्या माणसांनी न वाचता आपापल्या आवडीच्या एकेका स्तंभात वरपासून खालपर्यंत खुणा ओढल्या, तर हा गुणांक घसरत नाही, उलट वाढतो.

त्यानंतर येतो ३८४ हा आकडा. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांतील कितीतरी प्रबंधांत नमुन्याची संख्या एवढीच आढळते, मग विषय विमा असो, ऑनलाइन खरेदी असो की सेंद्रिय भाजी. तिचे मूळ रॉबर्ट क्रेची आणि डॅरिल मॉर्गन यांनी १९७०मध्ये छापलेल्या एका तक्त्यात आहे. लोकसंख्या एक लाख असो वा दहा लाख, अंदाजात पाच टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल आणि शंभरांतून पंचाण्णव वेळा तो अंदाज त्या मर्यादेत बसावा एवढीच अपेक्षा असेल, तर ३८४ माणसे पुरतात, असे तो तक्ता सांगतो. गणित सरळ आहे आणि बरोबरही आहे. मात्र त्याला एक अट आहे : लोकसंख्येतील प्रत्येक माणसाला निवडले जाण्याची समान संधी मिळाली पाहिजे. वसई-विरार शहर महानगरपालिकेची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १२ लाख २२ हजारांच्या घरात होती, २०२१ची जनगणना झालीच नाही, आणि मधल्या काळात पूर्वेकडे इमारती आणि चाळी किती वाढल्या ते लोकलच्या दारात उभे राहिले तरी दिसते. तेव्हा ज्या यादीतून चिठ्ठी काढायची ती यादीच शिळी आहे. म्हणून प्रत्यक्षात गूगल फॉर्म ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो, स्थानकाबाहेर उभे राहून जो थांबेल त्याला विचारले जाते, आणि प्रबंधात याला ‘सोयीचा नमुना’ असे प्रामाणिक नाव दिले जाते. सोय अर्थातच संशोधकाची. सोयीचा नमुना घेणे हा गुन्हा नव्हे, शोधाच्या पहिल्या पायरीवर तो उपयोगी पडतो. परंतु सोयीने गोळा केलेल्या माणसांवर चिठ्ठी काढून निवडलेल्या माणसांचा आकडा चढवणे, हे उसने दागिने घालून मिरवण्यासारखे आहे.

गंमत अशी की ग्राहकाचे मन मोजायला निघालेल्या वाणिज्य शाखेची ही बहुतेक हत्यारे दुसऱ्यांच्या घरची आहेत. पाच पायऱ्यांची मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२मध्ये मानसशास्त्रात आणली, क्रॉनबॅक शैक्षणिक मानसशास्त्राचे, आणि ३८४चा तक्ताही शिक्षणक्षेत्रातील मोजमापाच्या गरजेतून निघालेला. हत्यारे आली, ती कशी धरायची याची शिक्षणक्षेत्रातील समज मात्र बरोबर आली नाही. ती समज पाहायला परदेशी जावे लागत नाही, पालघर जिल्ह्यातच डहाणू तालुक्यात जावे लागते.

ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या, आणि १९५७मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील अडचण हाच अभ्यासविषय मानून उपाय करून पाहायचा, परिणाम टिपायचा आणि उपाय बदलायचा, याला शिक्षणशास्त्रात कृतिसंशोधन म्हणतात. स्टीफन कोरी यांच्या १९५३च्या पुस्तकाने ही कल्पना शाळांच्या संदर्भात रुळवली, तेव्हा बोर्डीचे काम आठ वर्षांचे झाले होते. वारली मुले शाळेत का येत नाहीत, असा प्रश्न घेऊन पालकांकडे गेले असते तर ‘आवड नाही’, ‘महत्त्व पटत नाही’ अशी मूल्यविषयक उत्तरे सहज मिळाली असती आणि त्यांची टक्केवारीही काढता आली असती. तेथे प्रश्नच बदलला गेला : मूल या वेळी आहे कोठे? ते गुरांमागे कुरणात होते, किंवा धाकट्या भावंडाला सांभाळत घरी होते. पहिल्या उत्तरातून गुरे चरतात तेथेच भरणारी कुरणशाळा निघाली. दुसऱ्यातून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी निघाली. जो ‘मूल्या’चा अभाव वाटत होता तो सोयीचा अभाव होता, आणि हे पाड्यावर जाऊन पाहिल्याशिवाय कळण्याजोगे नव्हते. ग्राहकांच्या अभ्यासातही असेच होते. पर्यावरणाची आस्था असूनही माणूस सेंद्रिय भाजी का घेत नाही, यावर ‘आस्था आणि कृती यांतील दरी’ असे भारदस्त प्रकरण लिहिले जाते. ती भाजी त्याच्या घराजवळ, तो कामावरून परततो त्या वेळी मिळते का, हा प्रश्न प्रश्नावलीत नसतो.

पुरावा कोठे आणि कोणत्या स्थितीत सापडला याची नोंद पुराव्याइतकीच मोलाची असते, हे मात्र वसईकरांनी पुरातत्त्वाकडून शिकावे. नालासोपाऱ्याजवळच्या ज्या टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत, ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२च्या एप्रिलमध्ये खणले आणि तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. मध्यभागी दगडी पेटी, तिच्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक बसवलेले करंडक, भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे, असा तो ऐवज होता. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचे, मूर्ती त्याहून कित्येक शतकांनी नंतरच्या. तेव्हा पेटी मध्यंतरी उघडली गेली असावी का, हा प्रश्न आज विचारता येतो, कारण कोणती वस्तू कोठे होती हे लिहून ठेवलेले आहे. वस्तू नुसत्या उचलून संग्रहालयात नेल्या असत्या तर प्रश्नच मेला असता. प्रश्नावलीच्या बाबतीत नेमके तेच रोज होते : उत्तर उचलले जाते, आणि ते देताना बाई पिशवी हातात घेऊन उभी होती, शेजारी सासू होती, दोन प्रश्न तिने पुन्हा विचारले, हे सारे मातीबरोबर फेकून दिले जाते. त्याची नोंद करायला कागदाच्या उजव्या बाजूला दोन बोटे समास पुरतो.

त्याच वर्षी सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि नववा मिळायला १९५६ साल उजाडले, तो ना. अ. गोरे यांना भुईगावाला सापडला. अशोकाचे चौदा लेख गिरनारसारख्या ठिकाणी संच म्हणून कोरलेले ठाऊक असल्यामुळे सोपाऱ्यालाही पूर्ण संच असावा, हे अनुमान तुकड्यावरूनही टिकते. अंशावरून अख्ख्याकडे जायचे तर अख्ख्याची घडण आधी ठाऊक असावी लागते. स्थानकाबाहेरच्या ३८४ माणसांना ही सवलत नाही. जाता जाता एवढे सांगायला हवे की आजारपण, लग्न, बाळंतपण आणि प्रवास या प्रसंगी लोक करतात त्या मंगलविधींचे फळ थोडे आणि धर्माचरणाचे फळ मोठे, असे तो नववा लेख सांगतो. माणसे कशावर वेळ आणि पैसा घालतात आणि कशावर घालावा, या विषयावरचा या तालुक्यातील सर्वांत जुना मजकूर हाच असावा.

संशोधनाची आजची अवस्था प्रश्नावलीतल्या या दोषांहून वेगळ्या कारणांनी बिघडली, असे म्हणण्याची प्रथा आहे. अध्यापकाच्या बढतीला छापील लेखांचे गुण जोडले गेले, शुल्क घेऊन आठवड्यात लेख छापणारी आणि एकाच अंकात शिक्षण, ग्राहक, कविता व रसायन एकत्र बांधणारी ‘बहुविद्याशाखीय’ नियतकालिके उगवली, आणि मे २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढावी लागली. हे सारे खरे आहे. पण नियतकालिक नामांकित असले तरी ‘परवडतं’ या शब्दाचे पाच चौकोन करणारा लेख कच्चाच राहतो. कच्चेपणा छपाईच्या कितीतरी आधी, प्रश्न लिहिताना शिरलेला असतो.

ग्राहकमूल्यांवर या भागात काम करू इच्छिणाऱ्याने म्हणून एक करावे. पहाटेच्या लोकलने फुले आणि भाजी घेऊन दादरला जाणाऱ्या बायका भाव सांगतात, भाव पाडतात, गिऱ्हाईक काय पाहून घेते आणि काय पाहून पुढे जाते हे रोज पारखतात. त्यांच्यापुढे आपली प्रश्नावली छापण्याआधी मोठ्याने वाचावी आणि ज्या वाक्याला त्या हसतील ते खोडावे. मात्र जाताना त्यांना गाठू नये, तेव्हा त्यांना बोलायला फुरसत नसते. परतीच्या गाडीत, लगेजच्या डब्यात, टोपल्या रिकाम्या झालेल्या असतात तेव्हा विचारावे.